दहावीनंतर हाताला काम देणारं शिक्षण कसं निवडायचं, फॉर्मपासून पहिल्या पगारापर्यंत

दहावीचा निकाल लागला की सगळे विचारतात किती टक्के पडले, आणि मग सायन्स घेणार का कॉमर्स. पण ज्या कॉलेजात पोरगं घालणार आहात तिथून दोन-तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेली पोरं आज काय करतायत, हे विचारणारे आईबाप मला फार कमी दिसतात. मी एमआयडीसीत छोटं वर्कशॉप चालवतो, टर्निंग आणि मिलिंगचं जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्यांसाठी धातूचे भाग मशीनवर कापून देतो, त्यामुळे कामाला येणारी पोरं रोज बघतो. डिग्री हातात आणि ड्रॉइंग वाचता येत नाही अशी येतात, आणि दहावीला काठावर पास झालेली पण मायक्रोमीटर (बारीक मोजमापाचं साधन) हातात दिला की बरोबर रीडिंग सांगणारी पण येतात. कोणाला ठेवतो ते सांगायला नको.

सगळे म्हणतात शिक्षणातून देशाची प्रगती होते. होते, पण कशी होते ते जमिनीवरून बघा. मला बँक मशीनला कर्ज देते, मशीन दोन महिन्यांत दारात येते, पण ती चालवणारा सेटर, म्हणजे मशीनवर टूल आणि जॉब नीट लावून देणारा माणूस, मिळत नाही. मग अवघड जॉबची ऑर्डर मी घेतच नाही, ती पुण्याला नाहीतर राजकोटला जाते. एक चांगला सेटर मिळाला तर मशीन दोन शिफ्ट चालते, त्याच्या हाताखाली दोन हेल्पर लागतात, टेम्पोवाल्याला भाडं मिळतं, चहावाल्याचा धंदा होतो. म्हणजे तालुक्याची कमाई वाढायची असेल तर अडतं ते पैशापेक्षा कसबावर जास्त, असं माझं मत आहे. म्हणून हे लिहितोय, ज्यांच्या घरी आठवी ते बारावीतलं पोर आहे त्यांच्यासाठी.

आधी काम बघा, कोर्स नंतर

बहुतेक लोक उलटं करतात, आधी कोर्स निवडतात आणि तो संपल्यावर काम शोधत फिरतात. तुम्ही असं करा की घरापासून एसटीने किंवा गाडीने तासा-दीड तासात जिथे जाता येईल तेवढा भाग डोळ्यासमोर आणा आणि तिथे पैसा कशातून फिरतोय ते बघा. कोल्हापूरला शिरोली, गोकुळ शिरगावात फाउंड्री आणि मशिनिंग आहे, इचलकरंजीत माग आहेत, नाशिकला सातपूर-अंबड आहे, संभाजीनगरला वाळूज, नागपूरला बुटीबोरी, जालन्यात स्टील आणि बियाणं, भिवंडीत गोडाऊनच गोडाऊन, गोव्यात वेर्ण्याला औषध कंपन्या आणि किनाऱ्याला हॉटेलं. एमआयडीसी जवळ नसेल तरी काम असतंच. ट्रॅक्टर आणि ठिबकची दुरुस्ती, मोटर रिवायंडिंग, कोल्ड स्टोरेज, दूध संकलन, दवाखाने. आणि सध्या सोलर. केंद्राची सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, १ कोटी घरांवर पॅनेल बसवायचं टार्गेट आहे, ३ किलोवॅट किंवा त्यापुढच्या सिस्टीमला ७८ हजारांपर्यंत सबसिडी मिळते, वर शेतात सौर पंप बसतायत ते वेगळंच. हे सगळं कोण बसवणार आणि पुढे बिघडलं की कोण दुरुस्त करणार? ज्याला वायरिंग, अर्थिंग आणि मीटर कळतं तोच ना.

मग एक रविवार काढा आणि अशा ठिकाणी काम करणाऱ्या दोघा-तिघांशी बोला. मालकाशी नका बोलू, मालक गोड बोलतो (मी पण बोलतो). कामगाराला विचारा की तू काय शिकलास, इथे कसा लागलास, पहिल्या वर्षी किती हातात यायचे आणि आता किती येतात, ठेकेदाराकडे आहेस की कंपनीच्या रोलवर. पोराला बरोबर न्या. त्याला भट्टीची उष्णता, तेलाचा वास, रात्रपाळी बघून नको वाटलं तर ते आत्ताच कळलेलं बरं.

रस्ते कोणते आहेत

दहावीनंतर कामाकडे जाणारे मोठे रस्ते तीन. आयटीआय, पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा, आणि अकरावी-बारावी व्यवसाय अभ्यासक्रम ज्याला आपण एमसीव्हीसी म्हणत आलो. साधी अकरावी-बारावी वाईट नाही, पण घरची परिस्थिती अशी असेल की पोरगं अठरा-एकोणिसाव्या वर्षी कमवायला लागलं पाहिजे, तर साध्या बारावीनंतर हातात काहीच नसतं हे लक्षात ठेवा.

डिप्लोमा त्यांनी घ्यावा ज्यांना गणित आणि सायन्स बऱ्यापैकी जमतं आणि घरचे तीन वर्षं थांबू शकतात. महाराष्ट्रात याची परीक्षा तंत्र शिक्षण मंडळ घेतं. सरकारी पॉलिटेक्निक मिळालं तर डोळे झाकून घ्या, खासगी असेल तर आधी एआयसीटीईची (केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची) मान्यता तपासा.

आता आयटीआय, कारण माझं सगळं काम त्या पोरांशी. ही योजना १९५० पासून देशात चालू आहे. वय किमान १४ लागतं, वरची मर्यादा नाही, म्हणजे मध्येच शाळा सुटलेला पंचविशीतला पोरगा पण जाऊ शकतो. वेल्डर, वायरमन, प्लंबर असे काही ट्रेड दहावी नापास झालेल्यांना पण मिळतात. वेल्डर, डिझेल मेकॅनिक, कोपा (म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटर) हे एक वर्षाचे, आणि इलेक्ट्रिशियन, फिटर, टर्नर, मशिनिस्ट, वायरमन, मोटर मेकॅनिक, फ्रिज-एसी हे दोन वर्षांचे. एक गोष्ट, फॉर्ममध्ये आणि सरकारी जाहिरातीत वीजतंत्री, तारतंत्री, जोडारी, कातारी, संधाता अशी नावं दिसतील, त्यांना अनुक्रमे इलेक्ट्रिशियन, वायरमन, फिटर, टर्नर, वेल्डर समजा. दरवर्षी कोणीतरी हे न कळल्यामुळे भरतीची जाहिरात सोडून देतो.

कोणता ट्रेड चांगला हे विचारूच नका, त्याला उत्तर नाही. पण माझा अनुभव सांगतो. इलेक्ट्रिशियनला सगळ्यांची उडी असते त्यामुळे मेरिट वर जातं, कारण तो कंपनीत, महावितरणमध्ये आणि स्वतःच्या गावात तिन्हीकडे चालतो. फिटरचं पण तसंच, मेंटेनन्समध्ये तो कायम लागतो. टर्नर-मशिनिस्टकडे पोरं कमी वळतात, त्यांना वाटतं लेथ (कातकामाचं मशीन) जुना झाला, आणि इथेच मला हसू येतं, कारण सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरने चालणाऱ्या मशीनवर, चांगला सेटर व्हायचं असेल तर ज्याने हाताने लेथवर टूल घासलंय तोच लवकर होतो. वेल्डरला एक वर्षात बाहेर पडता येतं, पण टिगवर, ज्याला आपण आर्गन वेल्डिंग म्हणतो, हात बसला तरच पैसा आहे, नुसत्या ग्रिल-गेटवर नाही. कोपाबद्दल मी जरा कडक बोलतो. टायपिंग आणि एक्सेल शिकून ऑफिसात बसायची सगळ्यांची इच्छा असते, पण तेवढ्या खुर्च्या तालुक्यात नाहीत. कोपा घेतलाच तर त्यासोबत टॅली आणि जीएसटी शिकवा, मग दुकानदारांकडे काम मिळतं.

आयटीआय बघायला जा, फोटो बघून ठरवू नका

हे करायला लोक कंटाळतात, आणि सगळा खेळ इथेच आहे. एकाच ट्रेडचं सर्टिफिकेट दोन आयटीआयचं सारखंच दिसतं, आतलं शिक्षण आकाश-पाताळ वेगळं असू शकतं. कामाच्या दिवशी जा, अकरा-बाराच्या सुमाराला, जेव्हा प्रॅक्टिकल चालू असायला पाहिजे. वर्कशॉपमध्ये आवाज येतोय का बघा. लेथवर धूळ असेल आणि चिप ट्रेमध्ये ताजा बुरादा नसेल तर ती मशीन इन्स्पेक्शनपुरती आहे असं समजा. वेल्डिंग सेक्शनला विचारा की एका पोराला आठवड्याला किती रॉड जाळायला मिळतात, कारण वेल्डिंग फळ्यावर शिकता येत नाही आणि रॉडचा खर्च वाचवणं हे सगळ्यात सोपं असतं. ट्रेडला निदेशक कायम आहे की पद रिकामं आहे, आणि रिकामं असेल तर कोण शिकवतं. हे शांतपणे विचारा, भांडणाच्या सुरात नको, बहुतेक सर लोक खरं सांगतात, कारण रिकाम्या पदांचा सगळ्यात जास्त ताप त्यांनाच होतो.

गेटबाहेर चहाच्या टपरीवर दुसऱ्या वर्षाची पोरं उभी असतात. त्यांना विचारा की मागच्या बॅचचे कुठे लागले. नावं सांगता आली, अमुक दादा तमुक कंपनीत आहे, तर चांगलं. सगळे नुसतं हसले तर समजून जा. अजून एक विचारा, ड्युअल सिस्टीम आहे का, म्हणजे कोर्समधले काही महिने पोरं प्रत्यक्ष कंपनीत जातात का. ही पद्धत २०१६ पासून आहे पण सगळीकडे नाही, जिथे आहे त्या आयटीआयला प्राधान्य द्या.

खासगी असेल तर अजून सावध. संलग्नता आहे का, आणि ती तुम्ही घेताय त्याच ट्रेडला, त्याच युनिटला (तुकडीला) आहे का ते ऑनलाईन तपासा. "१०० टक्के प्लेसमेंट" असा बोर्ड लावलेला असेल तर मागच्या वर्षीच्या पाच पोरांचे फोन नंबर मागा, बोर्ड लावणाऱ्याचा चेहराच सांगेल. आणि ते तीन महिन्यांचे "डिप्लोमा" देणारे गल्लीतले क्लास, त्यातले काही शिकवतात चांगलं, नाही म्हणत नाही, पण ते सर्टिफिकेट अप्रेंटिसशिपला आणि सरकारी भरतीला चालणार नाही हे माहीत असून पैसे भरा.

गणित, पण कुठलं

मी भरती करताना एक साधी टेस्ट घेतो. स्टीलची पट्टी देतो आणि एक तुकडा, पण तुकडा शून्यावर लावत नाही, तीन सेंटिमीटरच्या रेषेवर लावतो, आणि लांबी विचारतो. निम्मी पोरं पट्टीवर जिथे टोक येतं तोच आकडा सांगतात. मला वाटायचं आपल्याकडेच असं आहे, पण असर म्हणून जो सर्व्हे होतो त्यांनी २०२३ साली १४ ते १८ वयाच्या पोरांचा सर्व्हे केला होता, त्यात हेच निघालं. तुकडा शून्यापासून ठेवला तर ८५ टक्क्यांच्या आसपास पोरांना लांबी सांगता आली, जागा सरकवली तर फक्त ३९ टक्के. तीन आकडी संख्येला एक आकड्याने भागायचं तर ४३ टक्के. आणि मातृभाषेतला दुसरीच्या पुस्तकातला उतारा न अडखळता वाचता न येणारे साधारण चौथा हिस्सा. आणि सर्व्हेतली जवळजवळ ८७ टक्के पोरं शाळा-कॉलेजच्या पटावर होती बरं का. त्याच सर्व्हेत कसलं तरी व्यवसाय प्रशिक्षण घेणारे फक्त ५.६ टक्के होते. म्हणजे पोरं शाळेत तर आहेत, पण कामाला लागणारं शिक्षण त्यांच्यापर्यंत पोचत नाहीये.

चांगली बातमी अशी की हे घरी भरून काढता येतं आणि त्याला क्लास लागत नाही. दहावीची परीक्षा संपल्यापासून आयटीआय सुरू होईपर्यंत तीन-चार महिने मिळतात. त्यात रोज अर्धा तास अपूर्णांक, दशांश, टक्केवारी आणि त्रैराशिक. पट्टीने आणि टेपने घरातलं सगळं मोजायचं, खोली, दार, टाकी, आणि टाकीत लिटर किती मावतात ते काढायचं. टेपवर इंच आणि सेंटिमीटर दोन्ही असतात, एकातून दुसऱ्यात न्यायला शिकवा, कारण प्लंबर आणि सुतार अजून इंचात बोलतात आणि ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये येतं. जमलं तर एक साधा व्हर्नियर (जाडी-लांबी बारीक मोजायचं साधन) विकत आणा. नेहमीच्या व्हर्नियरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप, ०.०२ मिलिमीटर असतो, मायक्रोमीटरचा ०.०१. ड्रॉइंगवर २५ प्लस-मायनस ०.०२ असं लिहिलेलं असलं की जॉब २४.९८ ते २५.०२ च्या मध्ये बसला पाहिजे, त्याच्या बाहेर गेला की रिजेक्ट, आणि रिजेक्ट म्हणजे माझं मटेरियल, त्याचा वेळ आणि कस्टमरचा फोन. हे ज्या पोराला पहिल्या दिवशी कळतं त्याला मी हेल्परचे पैसे देतच नाही, ऑपरेटरचे देतो.

इंग्रजीचं फार टेन्शन घेऊ नका. ड्रॉइंगवरचे शब्द ठरलेले असतात, पन्नास-साठ शब्द पाठ झाले की काम भागतं. मॅन्युअल वाचता आलं पाहिजे, भाषण द्यायचं नाहीये.

कागद आणि पैसा

कागदपत्रं निकालाच्या आधी काढून ठेवा. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, लागू असेल तर नॉन क्रीमीलेअर, डोमिसाइल, आणि डिप्लोमा-डिग्रीकडे जायचा विचार असेल तर जात पडताळणी. पडताळणीला वेळ लागतो, निकालानंतर अर्ज केला तर धावपळ ठरलेली. बँक खातं पोराच्या स्वतःच्या नावाचं आणि आधारला जोडलेलं पाहिजे, नाहीतर शिष्यवृत्ती मंजूर होऊन पण अडकून बसते, आणि मग महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, नुसतं स्टेटस बघत बसायचं.

आयटीआयचा प्रवेश राज्यात ऑनलाईन होतो, दहावीच्या मार्कांवर मेरिट लागतं आणि फेऱ्या होतात. पसंतीक्रम भरताना एक मेख आहे. पहिल्या पसंतीची जागा लागली आणि ती तुम्ही घेतली नाही तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर पडता, म्हणून एक नंबरला तेच टाका जे मिळालं तर खरंच घ्याल. सायबर कॅफेवाल्याला "तुम्हीच भरा" म्हणू नका, तो त्याला पाठ असलेली लिस्ट भरतो. सरकारी आयटीआयची फी अगदी कमी असते, खरा खर्च येण्या-जाण्याचा आणि खोलीचा. वसतिगृह आहे का ते आधी विचारा. पात्र असाल तर महाडीबीटीवर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आणि पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता या दोन्हींच्या अटी वाचा.

मुलगी असेल तर तिला ब्युटी पार्लर किंवा शिवणकाम हेच ट्रेड असतात असं धरून चालू नका. आयटीआयमध्ये मुलींना ३० टक्के जागा राखीव आहेत आणि इलेक्ट्रॉनिक्स, इलेक्ट्रिशियन, ड्राफ्ट्समनमध्ये त्या भरतच नाहीत. वायरिंग हार्नेस आणि इलेक्ट्रॉनिक असेंब्लीच्या लाइनवर मुलींना मागणी आहे, क्वालिटी इन्स्पेक्शनला पण. एसटीचं तिकीट महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं आहे, तेवढा प्रवासाचा भार हलका होतो. पुढे डिग्री इंजिनिअरिंग, फार्मसी असं काही करायचं ठरलं तर २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, शिक्षण आणि परीक्षा फी माफ आहे. संध्याकाळी घरी यायला उशीर होईल, लग्नाचं बघायचंय, हे सगळे प्रश्न घरात निघणार, त्यावर माझ्याकडे उपाय नाही. पण पगार सुरू झालेल्या मुलीच्या लग्नाची घाई घरचे जरा कमी करतात एवढं बघितलंय.

अप्रेंटिसशिप, हे सोडू नका

आयटीआय पास झालं की पोरं थेट नोकरीच्या मागे लागतात, आणि ठेकेदार त्यांना "ट्रेनी" म्हणून उचलतो. जरा थांबा. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याप्रमाणे ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के. छोट्यांनाही घेता येतात, सक्ती नाही. सरकारचं अप्रेंटिसशिपचं पोर्टल आहे तिथे रजिस्टर करायचं, कंपनी निवडते, ऑनलाईन करार होतो. २०१९ च्या नियमांनी किमान स्टायपेंड दहावी पासला ६ हजार, आयटीआयवाल्याला ७ हजार, डिप्लोमाला ८ आणि डिग्रीला ९ हजार असा ठरवला होता. हा किमान आहे, चांगल्या कंपन्या जास्त देतात, आणि दर बदलत असतात, म्हणून करार करताना त्या दिवशीचा आकडा बघून घ्या. २०१६ पासूनच्या योजनेत स्टायपेंडचा चौथा हिस्सा, महिन्याला दीड हजारापर्यंत, सरकार उचलतं.

लोक म्हणतात सात हजारात काय होतं, ठेकेदार बारा देतोय. बरोबर आहे, आज बारा जास्तच आहेत. पण ठेकेदाराकडे तुम्ही एकाच मशीनवर एकच बटण वर्षभर दाबता आणि वर्षानंतर पण तुम्ही हेल्परच. अप्रेंटिसला कंपनीने वेगवेगळ्या खात्यांत फिरवायचं असतं, शेवटी परीक्षा होते आणि राष्ट्रीय सर्टिफिकेट मिळतं. रेल्वे, माझगाव डॉक, एसटी महामंडळ, महावितरण हे पण अप्रेंटिस घेतात, त्यांच्या जाहिराती वर्षातून केव्हाही निघतात, लक्ष ठेवा.

गैरसमज नको म्हणून सांगतो, अप्रेंटिस म्हणजे नोकरी नाही. मुदत संपल्यावर ठेवायचं बंधन कंपनीवर नसतं, पीएफ वगैरे नसतो. काही ठिकाणी अप्रेंटिसला नुसतं माल उचलायला लावतात. करार केल्यावर पहिल्या महिन्यातच विचारा की कुठल्या खात्यात किती दिवस, आणि पोराला रोजची डायरी लिहायला सांगा, आज काय केलं, कोणती मशीन, कोणता जॉब, काय बिघडलं. ती डायरी मुलाखतीत टेबलावर ठेवली तर समोरचा माणूस मार्कलिस्ट बाजूला सारतो. मी तरी सारतो.

आणि शिकणं इथे संपत नाही. दहावी आणि दोन वर्षांचा आयटीआय झालेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, डिप्लोमानंतर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. "आयटीआय केलं म्हणजे शिक्षण बंद" हे जुन्या लोकांचं बोलणं आता खरं राहिलं नाही. ज्यांना भाषा विषयाची परीक्षा देऊन बारावी समकक्ष करून घ्यायचंय त्यांनी ते आयटीआय चालू असतानाच करावं, नंतर कोणी करत नाही.

स्वतःचं काही काढायचं असेल तर घाई नको, दोन-तीन वर्षं दुसऱ्याच्या पैशावर शिका. इलेक्ट्रिशियनने वायरमनचं लायसन्स आधी काढावं, त्याशिवाय अधिकृत काम घेता येत नाही. मग मुद्रा कर्ज, शिशु गटात ५० हजारांपर्यंत आणि किशोर गटात ५ लाखांपर्यंत, तेवढ्यात एक वेल्डिंगचं दुकान किंवा रिवायंडिंगचं काम उभं राहतं. मोठं काही करायचं तर पीएमईजीपी ही केंद्राची स्वयंरोजगाराची योजना, ग्रामीण भागात विशेष प्रवर्गाला ३५ टक्क्यांपर्यंत सबसिडी. बँक मॅनेजर कोटेशन आणि अनुभवाचं सर्टिफिकेट मागतो, तिथे परत ती अप्रेंटिसची कागदं उपयोगी पडतात.

पोर अजून सातवी-आठवीत असेल तर

तर तुमच्याकडे जास्त वेळ आहे आणि शाळेलाच बदलायला लावायची संधी पण. आठवीत एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्तीची परीक्षा असते, सातवीला ५५ टक्के आणि घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत लागतं, मिळाली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार. सरांना विचारा की आपल्या शाळेतून किती पोरं बसवली, शून्य असेल तर ती फक्त कोणी विचारलं नाही म्हणून.

महाराष्ट्राला हे हाताचं शिक्षण काही नवीन नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली आणि पोरांना कमवून शिकायला लावलं, शेतात राबायचं, बांधकामावर काम करायचं आणि शिकायचं. आणि पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्तान लिव्हरमधली रिसर्चची नोकरी सोडून आले, दुष्काळी गाव मुद्दाम निवडलं, १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथल्या पद्धतीत आठवी ते दहावीची पोरं आठवड्यातला एक दिवस हाताने काम करतात. वेल्डिंग-सुतारकाम, वीज आणि पर्यावरण, शेती-पशुपालन, घर आणि आरोग्य असे चार भाग. यातलं मला सगळ्यात पटतं ते हे की काम खोटं नसतं, गावातल्या माणसाला लागणारी वस्तू किंवा सेवा पोरं करून देतात आणि त्याचे पैसे घेतात. गिऱ्हाईक पैसे देणार म्हटल्यावर जोड नीट लागला का हे मास्तरांना सांगावं लागत नाही. ही पद्धत पुढे इतर शाळांत पण गेली. २०२० च्या शिक्षण धोरणात सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराशिवाय गावातल्या कारागिराकडे जाऊन शिकायचं म्हटलंय, म्हणजे सरकारी कागदावर पण परवानगी आहे.

आता हे तुमच्या शाळेत कसं आणायचं. जिल्हा परिषद शाळेला शाळा व्यवस्थापन समिती असते, शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे त्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला पाहिजेत. बहुतेक ठिकाणी सही करायला रजिस्टर घरोघर फिरतं, बैठक होतच नाही. तुम्ही बैठकीला जा आणि एकच विषय मांडा, सगळं एकदम नको: महिन्यातला एक शनिवार गावातल्या एका कारागिराकडे. गवंडी, गॅरेजवाला, सुतार, डेअरीवाला, जो हो म्हणेल तो. गुरुजींवर जबाबदारी टाकू नका, त्यांच्यामागे आधीच ऑनलाईन माहिती भरायची कामं आहेत, दोन पालकांनी बरोबर जायचं. पोरांनी तिथे मोजमाप घ्यायचं, हिशोब काढायचा आणि दुसऱ्या दिवशी वर्गात तेच गणित सोडवायचं. जवळ एमआयडीसी असेल तर कंपन्यांकडे जुना व्हाइस, ड्रिल मशीन, मोजमापाची जुनी साधनं पडून असतात, मोठ्या कंपन्यांना २०१३ च्या कायद्याने नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर घालावे लागतात, पण पत्र मुख्याध्यापकांच्या सहीचं आणि समितीच्या ठरावाची प्रत जोडलेलं पाहिजे, नुसतं तोंडी मागून काही मिळत नाही. ठराव इतिवृत्तात त्याच दिवशी लिहून घ्या, झेरॉक्स काढून ठेवा, आणि मशीन आली तर ती स्टोअररूममध्ये कुलूपबंद होऊ नये म्हणून किल्ली कोणाकडे राहणार हे पण त्याच ठरावात लिहा.